बारा शब्द आणि सात फूट पाणी

२२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझं डीटीपीचं आणि लग्नपत्रिका छपाईचं दुकान त्या बाजारपेठेतच आहे. घर थोडं उंचावर असल्याने आम्ही वाचलो. तिसऱ्या दिवशी शटर कसंबसं वर केलं, तेव्हा भिंतीवर सात फुटांवर चिखलाची रेघ दिसली. कागदाची रिमं फुगून फुटली होती आणि सीपीयू उपडा केला तर आतून गाळ निघाला. त्या सीपीयूत माझं बिटकॉइनचं वॉलेट होतं. वॉलेटचे बारा शब्द ज्या कागदावर लिहिले होते, तो त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता.

रक्कम फार मोठी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून रोखणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८चं परिपत्रक रद्द केलं. त्यानंतर पावसाळा सुरू होईपर्यंत मी थोडं थोडं करून ०.०४ बिटकॉइन घेतलं होतं. तीसेक हजार रुपये गेले होते, आणि पुराच्या आठवड्यात त्यांचे नव्वद हजारांच्या आसपास झाले होते. दुकान साफ करायलाच पैसे नव्हते, अशा वेळी ही रक्कम मला लहान वाटत नव्हती. बिटकॉइन घ्यावं की घेऊ नये, हे मी सांगणार नाही. ज्यांच्याकडे ते आहे आणि जे ते आपल्याच संगणकावर ठेवू पाहतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. नाणं संगणकात नसतंच

पुराच्या दिवशी हे मला पुरतं कळलेलं नव्हतं, म्हणून आधी सांगतो. बिटकॉइनची एकच खातेवही आहे. ३ जानेवारी २००९ला तिचं पहिलं पान लिहिलं गेलं, आणि आज जगभरातल्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत. कोणत्या पत्त्यावर किती शिल्लक आहे ते त्या वहीत असतं. तुमच्या संगणकावर असते ती फक्त त्या शिल्लकीवर सही करायची किल्ली. आजकालची वॉलेटं ही किल्ली बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांतून तयार करतात. शब्द हाती असतील तर संगणक बुडो, जळो, चोरीला जावो, दुसऱ्या संगणकावर तेच वॉलेट पुन्हा उभं राहतं.

वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यावर सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. त्या काळच्या त्यांच्या वॉलेटला असे शब्द नव्हते. किल्ली होती ती एका फाइलमध्ये, आणि फाइल त्या डिस्कवर. कचरा डेपो खणू द्यावा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

बिटकॉइनची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्सचेंजवरच ते ठेवलं तर ही सगळी कटकट वाचते, पण मग किल्ली एक्सचेंजच्या हातात असते. टोकियोच्या माउंट गॉक्सने २०१४ मध्ये साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाल्याचं सांगितलं. आपल्याकडे १८ जुलै २०२४ला वझीरएक्सच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. हे वाचलं की स्वतःची किल्ली स्वतः सांभाळण्याचे कष्ट मला रास्त वाटतात.

२. दुकानाचा संगणक या कामाचा नाही

माझ्या दुकानात दिवसाला वीस गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात. कोणाच्या पत्रिकेचा मजकूर, कोणाचा बायोडेटा, कोणाच्या श्राद्धाचा फोटो. शिवाय जुन्या फॉन्टसाठी कुठून कुठून आणलेली सॉफ्टवेअरं. असल्या संगणकावर मी वॉलेट उघडलं होतं.

पुराच्या आधीच्या दिवाळीत त्याचा प्रसाद मिळता मिळता राहिला. एक्सचेंजवरून थोडं बिटकॉइन माझ्या वॉलेटवर घ्यायचं होतं. मी वॉलेटमधला पत्ता कॉपी केला आणि एक्सचेंजच्या चौकटीत पेस्ट केला. मुलगी शेजारी बसली होती. तिला म्हटलं, तू वॉलेटमधला वाच, मी इथला बघतो. पाचव्या अक्षरापासून दोन्ही वेगळे निघाले. पुन्हा कॉपी केलं, तरी तेच. कुठल्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेला एक प्रोग्राम कॉपी केलेला पत्ता बदलून तिथे चोराचा पत्ता ठेवत होता. ‘पाठवा’ दाबलं असतं तर ते परत आणणारं जगात कोणी नाही. इथे ना बँकेचा मॅनेजर, ना धनादेश थांबवण्याची सोय.

आता वॉलेटसाठी वेगळा जुना लॅपटॉप आहे. विंडोज काढून त्यावर लिनक्स घातलं आहे. त्यात ना मेल, ना व्हॉट्सअॅप, आणि पेन ड्राइव्ह कोणाचाही लावायचा नाही. पत्ता मात्र आजही पूर्ण वाचतो. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळणारे पत्ते चोर मुद्दाम तयार करतात, म्हणून मधली अक्षरंही बघायची.

३. सॉफ्टवेअर कुठून उतरवलं, तिथेच निम्मा निकाल लागतो

मी इलेक्ट्रम वापरतो. थॉमस व्होगटलिन यांनी ते २०११ मध्ये सुरू केलं. ते फक्त बिटकॉइनपुरतं आहे, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. बिटकॉइन कोर नावाचं वॉलेट घेतलं असतं तर पहिल्यांदा अख्खी खातेवही उतरवावी लागली असती, म्हणजे पाचशे जीबीहून जास्त. माझ्या लॅपटॉपची डिस्कच तेवढी नाही.

वॉलेटचं नाव गूगलवर शोधून पहिल्या दुव्यावर टिचकी मारू नका. वर दिसते ती कित्येकदा जाहिरात असते, आणि जाहिरातीमागे हुबेहूब नकली साइट. पत्ता स्वतः टाइप करा. उतरवलेल्या फाइलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, ती जीपीजी नावाच्या साधनाने तपासा. बनवणाऱ्याच्या किल्लीचा चाळीस अक्षरांचा ठसा दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून मिळवून ताडून घ्या. ‘गुड सिग्नेचर’ असं उमटलं की फाइल खरी. खाली लगेच एक इशारा येतो, की ही किल्ली कोणा विश्वासू माणसाने प्रमाणित केलेली नाही. पहिल्या वेळी तो वाचून मी घाबरलो आणि सगळं पुसून टाकलं. त्याचा अर्थ इतकाच, की त्या किल्लीला तुम्ही स्वतः अजून मान्यता दिलेली नाही. ठसा जुळला असेल तर पुढे जायला हरकत नाही.

एकदा नीट उतरवलं की काम संपत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये चोरांनी इलेक्ट्रमला जोडले जाणारे स्वतःचे सर्व्हर उभे केले. पैसे पाठवायला गेलं की खुद्द वॉलेटच्या खिडकीतच ‘नवी आवृत्ती घ्या’ असा निरोप दुव्यासकट उमटायचा. दुवा चोराचा होता. पुढच्या आवृत्त्यांत ही वाट बंद झाली. त्यावरून मी धडा घेतला आहे, की निरोप कुठेही दिसो, नवी आवृत्ती मूळ साइटवरूनच घ्यायची आणि दर वेळी सही तपासायची.

४. शब्द लिहिताना वर बघा

पहिल्यांदा वॉलेट केलं तेव्हा स्क्रीनवरचे बारा शब्द मी कागदावर उतरवले आणि खिडकी बंद केली. मान वर केली तर माझ्या डोक्यावर सीसीटीव्हीचा कॅमेरा होता, दुकानात चोरी होऊ नये म्हणून मीच बसवलेला. स्क्रीन आणि कागद दोन्ही त्यात सुरेख आले होते. ते वॉलेट रिकामंच टाकून दिलं आणि दुसरं केलं.

शब्दांचा फोटो काढू नका, बॅकअप चालू असेल तर तो न विचारता गूगल फोटोजवर चढतो. स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवू नका. मी छपाईवाला. सुबक टाइपात एक कार्ड छापावं असा मोह मलाही झाला, पण छापायचं म्हणजे फाइल आली, आणि प्रिंटरलाही आठवण असते. शब्द हातानेच लिहायचे.

आणि लिहायचे रोमन अक्षरांत. एका प्रतीत मी ते सवयीने देवनागरीत लिहिले होते. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. तिच्यात कचरा या अर्थाचा ‘वेस्ट’ आहे आणि पश्चिम या अर्थाचाही ‘वेस्ट’ आहे. देवनागरीत दोन्ही एकच, वॉलेटसाठी दोन वेगळे. या याद्या जपानी, कोरियन, स्पॅनिश अशा काही भाषांतही निघाल्या, मराठीत मात्र नाही. शब्दांचा क्रमही पक्का हवा, म्हणून प्रत्येकापुढे आकडा घाला. खाली वॉलेटचं नाव लिहा. इलेक्ट्रमचे शब्द त्याच यादीतले असले तरी किल्ली काढायची रीत वेगळी आहे. दुसऱ्या वॉलेटने ते नाकारले की माणसाला वाटतं पैसे गेले, आणि पैसे जागेवरच असतात.

५. शाई, कागद आणि नववा शब्द

आता पुराकडे येतो. ड्रॉवर फोडून काढला तेव्हा तो कागद एका वहीला चिकटला होता. घरी नेऊन वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवला. दोन दिवसांनी अलगद सोडवला. शब्द जेल पेनाने लिहिलेले होते. कुठली शाई पाण्यात टिकते आणि कुठली पसरते, हे शिकण्यात माझा जन्म गेला, आणि या कागदाला मी हाताला लागलं ते पेन वापरलं होतं. तळाच्या ओळी बऱ्या होत्या, मधला भाग निळा ढग झाला होता. बारांपैकी अकरा शब्द लागले. नवव्याची सुरुवातीची दोन अक्षरं दिसत होती, एस आणि टी.

वीज नव्हती, फोन लागत नव्हता. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बहिणीकडे साताऱ्याला गेलो. मुलीच्या लॅपटॉपवर इलेक्ट्रम नव्याने उतरवलं, सही तपासली आणि अकरा शब्द भरले. यादीत एस-टीने सुरू होणारे शब्द तीसेकच आहेत. एक एक घालत गेलो. शब्द चुकीचा असेल तर ‘पुढे’चं बटण फिकटच राहतं. शब्दांच्या जुळणीतच एक तपासणी दडवलेली असते, आणि माझ्या प्रकारच्या वॉलेटमध्ये चुकीची जुळणी योगायोगाने खपून जाण्याची शक्यता सुमारे चार हजारांत एक एवढीच असते. स्टेज, स्टॅम्प, स्टील, स्टोन, स्टोरी... काही नाही. ‘स्टोव्ह’ घातला आणि बटण उजळलं. थोड्या वेळाने शिल्लक दिसली, ०.०४. बहीण विचारत होती काय झालं, आणि मला बोलता येत नव्हतं. (ते वॉलेट मी त्याच रात्री रिकामं करून नवं केलं, म्हणून शब्द सांगायला हरकत नाही.)

दोन शब्द पुसले असते तर जुळण्या चाळीस लाखांवर गेल्या असत्या, त्या हाताने होत नाहीत. चार पुसले असते तर मी नाद सोडला असता.

आता शब्द स्टीलच्या पट्टीवर आहेत. भांड्याच्या दुकानात ज्या यंत्राने वाटी-तांब्यावर आहेराचं नाव घालतात, त्याच जातीचं लहान यंत्र विकत मिळतं. ते आणून स्वतः कोरले. दुकानदाराकडून कोरून घेऊ नका, त्याला शब्द वाचावेच लागतील. यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे चार-चार अक्षरं कोरली तरी भागतं. कोकणात कागदाला पूर नसला तर दमट हवा आहे, कसर आहे, वाळवी आहे. स्टीलला यातलं काही लागत नाही.

पट्ट्या दोन आहेत. एक घरी आणि एक साताऱ्याला, म्हणजे एकाच पाण्यात दोन्ही जाणार नाहीत. काही जण सहा शब्द इथे आणि सहा तिथे ठेवतात. तसं करू नये. कुठलाही एक तुकडा हरवला की सगळं गेलं, आणि चोराच्या हाती एक तुकडा लागला तर त्याचं निम्म्याहून जास्त काम झालं. प्रत्येक ठिकाणी पूर्ण प्रत हवी, आणि ती जागा विश्वासाची हवी.

६. पासवर्ड वेगळा, शब्द वेगळे

इलेक्ट्रम पासवर्ड मागतं. तो त्या संगणकावरच्या फाइलचं कुलूप आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर तो उपयोगी, म्हणून लांब ठेवा. पण ज्याच्याकडे शब्द आहेत त्याला पासवर्डची गरजच नाही.

शब्दांना स्वतःचा एक जादा शब्द जोडायचीही सोय असते. पट्टी सापडली तरी चोराला तो शब्द माहीत नसतो. मी तो वर्षभर ठेवला आणि मग काढला. तो फक्त माझ्या डोक्यात होता, आणि मी पंचावन्न वर्षांचा माणूस आहे. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रामरच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली एका कुलूपबंद पेन ड्राइव्हमध्ये आहे. पासवर्डला दहा संधी होत्या, आठ वाया गेल्या, हे २०२१ मध्ये जगभर छापून आलं. विसरण्याची भीती मला चोराइतकीच वाटते.

७. आधी थोडे टाका, मग वॉलेट पुसून टाका

पाचशे रुपयांचं बिटकॉइन नव्या वॉलेटवर घ्या. आलं की वॉलेटची फाइल संगणकावरून काढून टाका आणि पट्टीवरचे शब्द वाचून पुन्हा उभं करा. शिल्लक दिसली तर तुमचं कोरणं बरोबर. मगच मोठी रक्कम.

पहिल्यांदा पैसे पाठवताना एक गोष्ट दचकवते. शंभराची नोट मोडून वीस दिले की ऐंशी परत येतात, तसं उरलेलं बिटकॉइन तुमच्याच वॉलेटच्या एका नव्या पत्त्यावर परत येतं. जुना पत्ता रिकामा दिसतो. घाबरू नका, एकूण शिल्लक बघा.

८. शब्द मागणारा चोरच असतो

आमच्या आळीतल्या एका निवृत्त गुरुजींचं वॉलेट अडकलं होतं. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपवर त्यांनी अडचण विचारली. दहा मिनिटांत ‘सपोर्ट’वाल्याचा खासगी निरोप आला. बोलणं अदबीचं होतं, मागे लोगोही होता. ‘वॉलेट पडताळणी’चा एक फॉर्म आला आणि त्यात बारा चौकटी होत्या. गुरुजींनी त्या भरल्या. चहाचा कप संपायच्या आत शिल्लक शून्य झाली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यातही गेलो. वहीत पैसे कुठल्या पत्त्यावर गेले ते आजही दिसतं, पण परत काही आलं नाही. गुरुजी त्यानंतर महिनाभर कट्ट्यावर आले नाहीत. त्या माणसाने चाळीस वर्षं मुलांना शिकवलं.

शब्द टाइप करायची जागा एकच, तुमचं वॉलेट, आणि तेही ते पुन्हा उभं करताना. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली ठेवायचं वेगळं यंत्र, घेणाऱ्यांनाही हेच लागू. २०२० मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावं-पत्ते फुटले, आणि पुढे कित्येकांना घरपोच बनावट पत्रं गेली. असं यंत्र थेट बनवणाऱ्याकडून घ्या. खोक्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते वापरू नका.

९. करखात्याची वही वेगळी

१ एप्रिल २०२२पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२पासून विक्रीवर एक टक्का टीडीएसही आहे. एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटवर घेणं ही विक्री नव्हे, पण पुढे विकाल तेव्हा खरेदीची तारीख आणि भाव तुम्हालाच दाखवावा लागेल. एका साध्या वहीत लिहून ठेवा. त्या वहीत शब्द लिहू नका.

१०. वारसाला करून दाखवा

इथे नॉमिनीचा रकाना नाही. मी गेलो आणि शब्द कोणालाच ठाऊक नसले, तर ती शिल्लक खातेवहीत कायमची दिसत राहील आणि कोणाच्या कामाला येणार नाही. म्हणून बायकोला आणि मुलीला पट्ट्या कुठे आहेत ते माहीत आहे. सोबत एका कागदावर मराठीत पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. कुठलं सॉफ्टवेअर, कुठून घ्यायचं, सही कशी तपासायची, आणि कोणाचीही मदत घेताना शब्द दाखवायचे नाहीत. तो कागद या वेळी पेन्सिलीने लिहिला आहे. शिसं पाण्यात पसरत नाही.

दर पाडव्याला मी वॉलेट पुसतो आणि बाहेर ओटीवर जाऊन बसतो. मुलगी आणि बायको दार लावून घेतात, कागद वाचतात, पट्टीवरचे शब्द भरतात आणि शिल्लक दिसली की हाक मारतात. मोठी रक्कम ठेवण्याआधी तुमच्या घरीही हे एकदा करून घ्या, आणि ते चालू असताना खोलीत थांबू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी पन्नास मिनिटं लागली होती. गेल्या पाडव्याला बाविसाव्या मिनिटाला हाक आली.